ट्यूक्सबरीत आधी कुरण पाहा
इंग्लंडमध्ये सेव्हर्न आणि एव्हन या नद्यांच्या संगमावर वसलेल्या ट्यूक्सबरीत प्रवासी थेट ११२१ साली प्रतिष्ठापना झालेल्या ॲबीकडे, म्हणजे तिथल्या जुन्या चर्चकडे वळतात. माझ्या मते त्यांनी आधी गावाला खेटून पसरलेलं सेव्हर्न हॅम हे मोकळं कुरण पाहावं. पूर आला की पाणी तिथे पसरतं, म्हणून शतकानुशतकं तिथे वस्ती झाली नाही; जागा अपुरी पडली तेव्हा लोकांनी रस्त्यावरच्या घरांच्या मागे, जेमतेम एक माणूस जाईल अशा बोळांत खोल्या काढल्या. ती दाटीवाटी गरिबांच्याच वाट्याला आली, हे विसरून त्या बोळांचं कौतुक करणं मला पटत नाही. पण कुरण मोकळं ठेवणाऱ्या जुन्या लोकांना नदी कळत होती, असं मला वाटतं. हा भाबडा समज आहे, जुलै २००७च्या महापुरात ॲबीतही पाणी शिरलंच की, असं कुणी म्हणेल. शिरलं, पण थोडंच, आणि तेही १७६०नंतर पहिल्यांदा. त्याच पुरात नदीकाठचं माइथ जलशुद्धीकरण केंद्र मात्र बुडालं आणि सुमारे साडेतीन लाख लोकांचे नळ कित्येक दिवस कोरडे राहिले.