द्वंद्व समासाची गाडी

गाडी घेऊ पाहणाऱ्या माणसाला सल्ला हवा असतो, असा एक गोड समज आहे. वस्तुतः त्याला हवा असतो तो दुजोरा. गाडी ठरलेली असते, रंग ठरलेला असतो, पहिला नारळ कोणत्या देवळापुढे फोडायचा तेही ठरलेले असते, आणि मग तो आपल्याला विचारतो, "काय, कशी वाटते?" अशा वेळी शहाण्याने "उत्तम!" म्हणून चहाचा कप पुढे करावा. पण मी पडलो मास्तर. कोणी काही विचारले की उत्तरपत्रिका तपासल्यावाचून मला राहवत नाही.

यंदा प्रश्न आला तो हायब्रीड गाडीविषयी. आणि तीही साधीसुधी नव्हे, उंची, किमती, 'क्रॉसओव्हर एस.यू.व्ही.' या भारदस्त नावाची. या सदराचे वाचक एरवी मला शब्दांची व्युत्पत्ती विचारतात. तेव्हा आधी शब्दच पाहू. गाडीकडे तेथूनच जाता येईल.

'हायब्रीड' हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. १९६४ मध्ये संकरित ज्वारीचे पहिले वाण शेतकऱ्यांसाठी आले आणि हा शब्द थेट शेतात जाऊन पोहोचला. कणसे टपोरी, पीक भरघोस, पण भाकरीला पूर्वीची चव नाही, अशी तक्रार घरोघर झाली. तेव्हापासून आपल्या बोलण्यात 'हायब्रीड' म्हणजे दिसायला दांडगे पण आत कस नसलेले, असा एक कुजका अर्थ राहून गेला आहे. गाडीच्या बाबतीत मात्र तो मनातून काढून टाकावा. येथे संकर आहे तो पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर यांचा, आणि तो समजून घ्यायला आपले शाळेतले व्याकरण पुरते.

'राजवाडा' हा तत्पुरुष समास. त्यात वाडा मुख्य. राजा केवळ कोणाचा वाडा ते सांगण्यापुरता. बाजारात 'माइल्ड हायब्रीड' म्हणून ज्या गाड्या मिळतात, त्या या जातीच्या. इंजिन मुख्य, वीज आपली हाताला हात लावायला. ती एकटी गाडी ओढून नेत नाही. 'आईवडील' हा द्वंद्व समास. दोन्ही पदे तोलामोलाची. कधी एक घर चालवते, कधी दुसरे, बहुधा दोघे मिळून. 'स्ट्राँग हायब्रीड' म्हणतात ती ही. तेव्हा विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारावा तो हाच: समास कोणता? नावात 'हायब्रीड' दोघींच्याही असते.

राहिला 'क्रॉसओव्हर'. तो माझ्या मते बहुव्रीही. 'नीलकंठ' म्हणजे निळा रंगही नव्हे आणि गळाही नव्हे, तिसराच कोणी. तशी ही गाडी जीपही नव्हे आणि मोटारही नव्हे. खऱ्या जीपला खाली पोलादी सांगाडा असतो आणि त्यावर वरचे घर बसवलेले असते. क्रॉसओव्हरमध्ये सांगाडा आणि घर एकच, मोटारीसारखे. उंची आणि रुबाब मात्र जीपचा. नदी ओलांडायला ती नाही. पण आपल्यापैकी कितीजण आठवड्याला नदी ओलांडतात?

आता ही गाडी इंधन वाचवते म्हणजे नेमके काय करते, ते पाहू. पुष्कळांना वाटते की तिला घरी वीज पाजावी लागते. तसे नाही. वायर जोडायच्या हायब्रीड गाड्या निराळ्या. हिला केवळ पेट्रोलच लागते, आणि हिची सारी वीज शेवटी त्या पेट्रोलमधूनच येते. मग फायदा कोठे? साध्या गाडीत आपण ब्रेक दाबतो तेव्हा गतीची सगळी शक्ती तापून हवेत जाते. हायब्रीड गाडीत ब्रेक दाबला की मोटर उलटी जनित्र होते आणि त्या शक्तीतली बरीचशी बॅटरीत साठवून ठेवते. रात्रीची उरलेली पोळी टाकून न देता सकाळी फोडणीची पोळी करणाऱ्या गृहिणीचेच हे शास्त्र. शिवाय सिग्नलला इंजिन थांबते, गाडी हळूहळू सरकते ती विजेवर, आणि इंजिन चालते ते बहुधा त्याला काटकसरीने चालता येईल अशाच वेळी. जपानमध्ये टोयोटाने डिसेंबर १९९७ मध्ये 'प्रिअस' ही गाडी विक्रीला आणली, ती या तत्त्वावरची पहिली मोठ्या प्रमाणात तयार झालेली गाडी. त्याच घराण्यातल्या लेक्ससने २००५ मध्ये 'आर.एक्स. ४०० एच'मध्ये हे तत्त्व उंची क्रॉसओव्हरला जोडले.

यातून एक गोष्ट निघते, ती मात्र नीट ध्यानात ठेवावी. फोडणीची पोळी व्हायला आधी पोळी उरावी लागते. ब्रेक जेथे वरचेवर लागतो तेथेच बचत मोठी. मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने धावताना वाचवायला फारसे काही उरतच नाही.

उदाहरण आकड्यांनी देतो. लेक्ससची 'एन.एक्स. ३५० एच' ही या जातीची नमुनेदार गाडी. अडीच लिटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, मोटरींसह एकंदर सुमारे २४० अश्वशक्ती, मागच्या चाकांना स्वतंत्र मोटर, लांबी ४६६० मिलिमीटर. याच गाडीची एक साधी पेट्रोलची, टर्बो इंजिनाची बहीण अमेरिकेत मिळते. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२२ च्या दोघींचे आकडे दिले आहेत. ते मी आपल्या मापात बदलून घेतले. शहरात साधी गाडी लिटरला सुमारे ९.४ किलोमीटर जाते, हायब्रीड १७.४. महामार्गावर साधी ११.९, हायब्रीड १५.७. गंमत पाहा: साधी गाडी शहराबाहेर पडली की कमी पिते, हायब्रीड शहरात शिरली की कमी पिते. महिन्याला हजार किलोमीटर शहरात फिरणाऱ्याचे सुमारे ४९ लिटर पेट्रोल वाचेल, तेवढेच महामार्गावर फिरणाऱ्याचे अवघे २० लिटर. म्हणजे पुण्यात रोज नळ स्टॉपच्या गर्दीतून जाणाऱ्याला हिचा जो उपयोग, तो आठवड्याला द्रुतगती मार्गाने मुंबई गाठणाऱ्याला नाही.

येथवर सारे शास्त्र झाले. शास्त्राची परीक्षा मात्र घरात होते.

आमच्या सौभाग्यवतींचे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादासाहेब म्हणतो, या वर्षी निवृत्त झाले. नोकरीची पहिली वीस वर्षे त्यांनी एका स्कूटरवर काढली. पुढे एक छोटी गाडी आली, ती अजून आहे. पण वहिनींचे गुडघे गेली तीन वर्षे कुरकुरतात. खाली वाकून त्या गाडीत बसणे आणि बसल्यावर उठणे, दोन्ही त्यांना जड जाते. म्हणून त्या हल्ली लग्नकार्यालाही "तुम्हीच जाऊन या" म्हणतात. उंच गाडी हवी, हे दादासाहेबांचे म्हणणे रास्तच होते. मग एका स्नेह्याच्या एन.एक्स.मधून ते कात्रजच्या जुन्या घाटापर्यंत जाऊन आले आणि पार विरघळले. मीही बरोबर होतो. गर्दीत गाडी सरकते आहे आणि आवाज म्हणून नाही; आतली आसने अशी की पाठीचा मणकान्‌ मणका आभार मानील. दादासाहेब परत येताना बोललेच नाहीत. घरी आल्यावर एवढेच म्हणाले, "अशी गाडी आयुष्यात एकदा तरी."

हे वाक्य हसण्यावारी नेण्याजोगे नाही. ज्याने वीस वर्षे पावसात स्कूटर चालवली, त्याच्या तोंडून ते आले होते. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला शहाणपणाचा अंगरखा चढवला. म्हणाले, "प्रोफेसर, पेट्रोलमध्येच वसूल होते हो!"

मी कागद आणि पेन पुढे केले, आणि आकडे त्यांनाच लिहायला सांगितले. एन.एक्स. ३५० एच मार्च २०२२ मध्ये भारतात आली तेव्हा तिची शोरूमची किंमत ६४ लाख ९० हजारांपासून सुरू होत होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात टोयोटाच्या 'इनोव्हा हायक्रॉस'च्या किमती जाहीर झाल्या. तीही उंच, तिचेही बांधकाम मोटारीसारखेच, आणि तिच्या हायब्रीड प्रकारातही द्वंद्व समासच. तिची सर्वांत महाग आवृत्ती २९ लाखांच्या आत होती. अंतर ३६ लाखांचे. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला रस्ता-कर १३ टक्के, म्हणजे या अंतरावर आणखी साडेचार लाखांहून अधिक. कराच्या बाबतीत हायब्रीडचे लाडही नाहीत: २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा मोठ्या गाड्यांवर वस्तू व सेवा कर ४० टक्के आहे, निव्वळ विजेच्या गाडीवर तो ५ टक्के.

मग मी दादासाहेबांना विचारले, "हे ३६ लाख बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले तर?" त्यांनी लिहिले: महिना २१ हजार. "आणि शहरात महिन्याला वाचणारे ४९ लिटर, लिटरला शंभर रुपये धरून?" त्यांनी लिहिले: ४ हजार ९००. आणि तेही टर्बो बहिणीच्या तुलनेत; हायक्रॉस स्वतःच काटकसरी. भारतीय चाचणीत तिच्या हायब्रीड प्रकाराचा आकडा लिटरला २३.२४ किलोमीटर आहे, साध्या पेट्रोलच्या प्रकाराचा १६.१३. (भारतीय चाचणीचा आकडा आणि अमेरिकन चाचणीचा आकडा शेजारी ठेवू नयेत. दोन परीक्षकांचे गुण आहेत ते, आणि आमच्या परीक्षकाचा हात जरा सैल.)

कागद बराच वेळ तसाच राहिला. निवृत्तीच्या एकूण रकमेतला निम्म्याहून मोठा भाग त्या दोन ओळींत होता. शेवटी वहिनीच स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. म्हणाल्या, "मला चढता-उतरता येईल अशी गाडी हवी, एवढंच मी म्हटलं होतं. ती किती लाखांची असावी, असं कधी म्हटलं?"

पुढल्या आठवड्यात निवड वहिनींनीच केली. प्रत्येक गाडीत त्या तीन वेळा चढल्या आणि तीन वेळा उतरल्या, कोणाचा हात न धरता. दादासाहेब शेवटी हायक्रॉसच्या हायब्रीड प्रकारावर थांबले. एन.एक्स.चे नाव निघाले की ते अजून थोडे गप्प होतात. पण गेल्या महिन्यात वहिनी नाशिकला भाचीच्या लग्नाला जाऊन आल्या.

याचा अर्थ उंची गाडी कोणी घेऊच नये असा नाही. ज्याच्या पदरी पुरून उरण्याइतके आहे, त्याने ती शांतता, ती आसने, तो सफाईदारपणा जरूर विकत घ्यावा. त्या वस्तू तिच्यात खरोखरच आहेत. फक्त 'आनंदासाठी घेतो' असे म्हणावे, 'बचतीसाठी घेतो' म्हणू नये. हायब्रीडपणाची बचत खरी आहे; पण ती पेट्रोलच्या हिशेबातली आहे. तिने उंचीपणाची किंमत फिटत नाही.

ज्यांचा निश्चय झालेला आहे, त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. गाडी पाहायला जाताना घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला न्या आणि त्यांना मागच्या आसनावर बसवा. चालवून पाहायची ती सपाट रस्त्यावर नव्हे, चढावर, सगळी माणसे भरून. या गाड्यांत नेहमीसारखे गिअर नसतात. पाय जोरात दाबला की इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि वेग मागून येतो. तो आवाज तुम्हाला रोज चालेल का, ते पाहा. लांब उतारावर बॅटरी भरली की ती आणखी शक्ती साठवू शकत नाही, तेव्हा घाटात ब्रेकवर विसंबून सुसाट उतरू नये. मोठ्या बॅटरीखेरीज आत एक लहान, १२ व्होल्टची बॅटरीही असते. मुलांकडे परदेशी तीन महिने गेलात आणि ती उतरली, तर मोठी बॅटरी असूनही गाडी जागची हलणार नाही. मोठ्या बॅटरीची हमी लेखी घ्या. टोयोटा भारतातल्या आपल्या हायब्रीड गाड्यांना ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल त्याची देते. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये लिटरामागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश कमी, तेव्हा जाहिरातीतला आकडा तुमच्या हाती तंतोतंत पडणार नाही. आपल्या उसाला भाव मिळतो, एवढे समाधान मानावे. आणि गाडी त्या पेट्रोलला योग्य असल्याचे पुस्तिकेत छापलेले आहे का, तेही वाचून घ्यावे.

एवढे सगळे पाहायला दोन रविवार सहज लागतील. पाडव्याला गाडी दारात हवी म्हणून घाईने सही करू नका. वर्षात साडेतीन मुहूर्त आहेत, आणि त्यांतला दिवाळीचा पाडवा हा तर अर्धाच.