चित्र कोणाचें?

गेल्या पावसाळ्यांत आमचे थोरले काका खोकल्यानें बेजार झाले. छातीचें क्ष-किरण चित्र काढलें, तेव्हां फुप्फुसाच्या वरच्या भागांत एक डाग दिसला. काकांना तरुणपणीं क्षय होऊन बरा झाला होता, म्हणून डॉक्टरांनीं विचारलें, "जुनें चित्र आहे काय?" प्रश्न मार्मिक होता. बऱ्या झालेल्या क्षयाचा वण वर्षानुवर्षें तसाच राहतो. डाग नवा असेल किंवा वाढला असेल, तर गोष्ट निराळी.

कागद टाकून देण्याची आमच्या घराची चाल नाहीं. ट्रंकेंतल्या एका पाकिटांत दोन चित्रें सांपडलीं. एक काकांचें, दुसरें कैलासवासी आजोबांचें. पण कोणतें कोणाचें? कोपऱ्यांत आडनांव व एक आद्याक्षर, आणि तें दोघांचेंही एकच! तारीख तर नाहींच. मग थुंकीची तपासणी झाली व अहवालाची वाट पाहण्यांत कित्येक आठवडे गेले. तोंवर काकांचें ताट वेगळें मांडलें जाई व नातवंडांस त्यांच्या खोलींत मज्जाव होता. अखेर डाग जुनाच ठरला.

हें सर्व पुन्हां मनांत आलें तें अंबाजोगाईस. योगेश्वरीच्या दर्शनास आमच्या वाचकांपैकीं पुष्कळजण तेथें जात असतील. त्याच गांवीं १९७४ पासून स्वामी रामानंद तीर्थांच्या नांवाचें ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत कारखान्यांवर जातात, तीं उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. चित्र निघावें एका जिल्ह्यांत, पुढील उपचार व्हावे दुसऱ्यांत, आणि मधला प्रवास भांड्याकुंड्यांच्या बोचक्यांतून! आमच्या ट्रंकेपेक्षां त्या बोचक्यास नांव-तारखेची गरज अधिक.

राँटगेननें २२ डिसेंबर १८९५ रोजीं पत्नीच्या हाताचें चित्र घेतलें, त्यांत हात कोणाचा हें सुचविणारी खूण एकच, बोटांतील अंगठी. छातींत अंगठीही नसते. म्हणून चित्रावर पूर्ण नांव, वय, नोंदणीक्रमांक, दिनांक व उजवें-डावें हीं असावीं लागतात. पैकीं शेवटची खूण शिशाच्या अक्षरानें करतात. शिसें किरणांस अडवितें, त्यामुळें तें अक्षर काळ्या चित्रावर पांढरें उमटतें. मात्र तें किरण सोडण्यापूर्वींच ठेवलें पाहिजे. मागाहून आठवणीनें लिहिलेल्या अक्षराचा भरंवसा काय?

कोणी म्हणेल, हृदय डावीकडे असतें, मग खूण कशाला? परंतु सुमारें १०,००० माणसांत एखाद्याचे सर्व अवयव आरशांतल्याप्रमाणें उलट असतात. त्याचें हृदय उजवीकडे. खूण नसेल तर माणूस उलटा कीं चित्र उलटें, हें नुसत्या चित्रावरून कसें ठरवावें? हातापायांच्या चित्रांत तर तेवढाही आधार नाहीं. उजव्या गुडघ्याचें चित्र उलटें धरलें कीं तो हुबेहूब डावा दिसतो, आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर ही चूक मग गमतीची राहत नाहीं.

आतां बहुतेक ठिकाणीं चित्रें संगणकावर निघतात व नांव आपोआप छापलें जातें. तरी यादींतील चुकीच्या नांवावर बोट पडलें, तर तें चुकीचें नांवही तितकेंच सुबक छापून येतें! शिवाय आमचे तरुण भाचे मोबाईलवर चित्र पाठवितांना कडा कापून नेमका नांवाचाच कोपरा वगळतात, हा अनुभव ताजाच आहे. यास्तव खिडकीवरून हलण्यापूर्वीं आपलें नांव, तारीख व बाजू घरच्या शिकल्यासवरल्या माणसानें वाचून घ्यावी. चूक तेथल्या तेथें दुरुस्त होते.

काकांच्या नव्या चित्राच्या पाकिटावर काकूंनीं त्यांचें पूर्ण नांव व तारीख ठळक लिहिली आहे. जुनीं दोन चित्रें अद्याप ट्रंकेंतच आहेत. त्यांतलें आजोबांचें कोणतें, हें सांगणारें आतां घरांत कोणी उरलेलें नाहीं.