टाइमकोडशिवाय प्रिव्ह्यू देऊ नका

लग्नसराई उतरली की आमच्याकडे शिरूर-दौंड पट्ट्यातून पत्रं येऊ लागतात. रांजणगाव, न्हावरे, केडगाव, पाटस, सगळीकडची तक्रार एकच : करेक्शन संपत नाहीत आणि तोवर बाकी पैसे मिळत नाहीत. कस्टमर रात्री फोनवर सांगतो, ‘‘ते टोपीवाले मामा येतात ना, तिथून जरा पुढं, आत्या रडतीय तेवढं ठेवा, बाकीचं काढा.’’ तीन तासांच्या फाइलीत टोपीवाले मामा शंभर असतात. एडिटर शोधत बसतो, भलताच शॉट उडतो, पुन्हा रेंडर लागतं आणि पुन्हा कोणीतरी पेन ड्राइव्ह घेऊन चौफुल्याला पळतं.

तक्रार खरी आहे, पण दोष कस्टमरचा नाही. त्याला जागा दाखवायला आपण काही दिलेलंच नसतं. एडिअसच्या एक्स्पोर्टमध्ये टाइमकोड दाखवायची टिक आहे, प्रीमिअरच्या एक्स्पोर्टमध्ये टाइमकोड ओव्हरले आहे, रिझॉल्व्हच्या वर्कस्पेस मेनूत डेटा बर्न-इन आहे. तरी आपले बहुतेक बंधू कोरा प्रिव्ह्यू पाठवतात. म्हणे, खेड्यातल्या माणसाला आकडे कळत नाहीत! हाच माणूस कारखान्याच्या वजनकाट्याची पावती उभ्या-उभ्या वाचतो आणि किलोचा फरक पकडतो. दुसरे म्हणतात, वॉटरमार्क टाकलाय की. वॉटरमार्क तुमचे पैसे राखतो, शॉट शोधून देत नाही.

जे टाइमकोड टाकतात त्यांच्यातही घोळ आहेत. सोर्सचा टाइमकोड जाळला, तर दोन कॅमेरे आणि ड्रोन यांचे आकडे प्रत्येक कटला उड्या मारतात, सिक्वेन्सचाच हवा. रिझॉल्व्हची टाइमलाइन मुळात 01:00:00:00 पासून सुरू होते. ती शून्यावर आणली नाही, तर मोबाइलचा प्लेअर बारावं मिनिट दाखवतो आणि पट्टी एक तास बारा मिनिटं. फाइलीचे भाग केले, तर दुसऱ्या भागाचा आकडा पहिला संपला तिथूनच पुढे चालवा, नाहीतर ‘बाराव्या मिनिटाला’ म्हणजे हळदीत की वरातीत, हा वाद होणारच. आकडे मोठे आणि काळ्या पट्टीवर घ्या. व्हॉट्सॲपवर फाइल दाबली गेली की बारीक अक्षरं फिसकटतात. पट्टी वर ठेवा, कारण खाली प्लेअरची बटणं येतात. शेजारी ‘प्रिव्ह्यू १’, ‘प्रिव्ह्यू २’ असा क्रमांक हवाच.

आणि करेक्शन नेहमी शेवटाकडून सुरुवातीकडे करत या. सप्तपदीतले चार सेकंद आधी काढले, की पाठवणीपर्यंतचे सगळे आकडे चार सेकंदांनी सरकतात. कितीतरी ‘चुकीची करेक्शनं’ इथेच होतात.

सरकारी कामांची तऱ्हा याहून वाईट. आपल्याच भागातल्या एका कार्यालयाने कार्यक्रमाची फाइल परत पाठवली, सोबत शिक्क्याचं पत्र : ‘मान्यवरांचे भाषण योग्य तेवढे ठेवून फेरसादर करावे.’ कुठून कुठपर्यंत, याचा उल्लेख नाही. विचारायला गेलेल्याला सांगितलं, साहेब बैठकीला गेलेत. निवडणुकीच्या व्हिडिओ पथकाला चित्रणाच्या सुरुवातीलाच कार्यक्रम, ठिकाण आणि तारीख आवाजात नोंदवावी लागते. मग एरवीच्या कामात मिनिट-सेकंद लिहायला अधिकाऱ्यांचे हात का थांबतात? अशी पत्रं मुकाट स्वीकारू नका. टाइमकोड असलेली प्रत जोडा, वेळ लेखी मागा आणि पोच घ्या.

फायनल देताना टाइमकोडची टिक काढायला विसरू नका. बाकी सगळं या महिन्यातच सुरू करा. ऑर्डर फॉर्मची पुढची छपाई करण्याआधी त्यात एवढं घाला : ‘दुरुस्त्या पडद्यावरच्या वेळेसह, एकत्र आणि लेखी द्याव्यात. अशा दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या विनामूल्य. त्यापुढे आकार पडेल.’ खाली कस्टमरची सही घ्या, ॲडव्हान्स घ्यायच्या आधी.