विलायतेची वाट आणि नववीची गुणपत्रिका

गेल्या रविवारी दिवेलागणीनंतर पावणे गावच्या आमच्या घरी सारे कुटुंब एकत्र बसले होते. विषय होता धाकट्या नातवाचा. तो यंदा नववीत गेला असून बारावीनंतर परदेशी जाऊन शिकावे असा त्याचा मनोदय आहे. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अजून मिसरूड फुटायचे आहे, आतापासून हा घोळ कशाला? बारावी होऊ द्या, मग पाहू." दोन्ही सुनांनी माना डोलावल्या. क्षणभर आमचीही मान हलली असती. परंतु ह्याच 'मग पाहू'ने आमच्या घरात पूर्वी काय केले ते आठवले. ती हकीकत वाचकांपुढे मांडणे आम्हास भूषणावह नाही, पण उपयोगाची आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या धाकट्या बंधूंची कन्या दहावी उत्तीर्ण झाली. गणितात गुण थोडे कमी पडले होते. अकरावीस विज्ञान शाखा घेताना गणित ठेवावे की सोडावे, असा प्रश्न निघाला. जन्म शिक्षकीत गेलेला असल्यामुळे अशा बाबतीत घरात शब्द आमचाच चाले. "गणित सोड, म्हणजे टक्के वाढतील, पुढचे मग पाहू," असा निर्णय आम्ही दिला व तिने तो निमूटपणे मानला. बारावीस टक्के खरोखरच उत्तम पडले. पण एव्हाना तिचे मन अर्थशास्त्राकडे वळले होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या प्रवेशाचे नियम तिने वाचले, तेव्हा कळले की तेथे अर्थशास्त्राच्या पदवीस शालेय शिक्षणाच्या अखेरपर्यंत गणित केलेले असावे लागते. टक्के हाती होते, दार मात्र बंद होते आणि ते आम्हीच लावले होते. पोरीने आम्हास एका शब्दाने दोष दिला नाही. पुढे तिने एक वर्ष खर्चून राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षेस एकट्या गणिताचा विषय दिला व मुंबईतच अर्थशास्त्र घेऊन ती पदवीधर झाली. ते वर्ष मात्र आमच्या नावे कायमचे खर्ची पडले आहे.

ह्या प्रसंगी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण आम्हा संस्कृत शिक्षकांनी तरी विसरू नये. शाळेत संस्कृत शिकण्याची त्यांची इच्छा होती. जातीमुळे ती नाकारली गेली आणि त्यांस फारसी घ्यावी लागली. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, १९१५ साली तेथे एम. ए. झाले व १९२३ साली त्यांनी लंडन विद्यापीठाची डी. एस्‌सी. ही पदवी मिळविली. संस्कृत ते पुढे स्वतःच्या हिमतीवर शिकले. लावलेले दार त्यांनी उघडले हा त्यांचा पराक्रम. ते लावणारे आमच्याच व्यवसायातले होते, ही आमची लाज. आज कायद्याने कोणास विषय नाकारता येत नाही. परंतु टक्क्यांच्या हिशेबाने आणि 'तुला झेपणार नाही' ह्या वडीलकीच्या वाक्याने आपण आपल्याच लेकरांपुढची दारे लावीत असतो. ज्या संस्कृताची गोडी लागावी म्हणून आम्ही हयात घालविली, तेही आज पुष्कळ घरी केवळ गुणांच्या लोभाने घेतात आणि दहावीचा निकाल लागताच टाकून देतात.

आता व्यवहाराचे बोलू. अमेरिकेतील विद्यापीठे सामान्यतः नववी ते बारावी ह्या चारही इयत्तांची प्रगती पाहतात. आपल्याकडे नववीची गुणपत्रिका निकालाच्या दिवशी पाहिली जाते आणि घराला रंग काढताना रद्दीत जाते. ती जपून ठेवावी. सॅट ही तिकडची परीक्षा काही विद्यापीठांत ऐच्छिक असली, तरी मॅसॅच्युसेट्सच्या प्रख्यात तंत्रशिक्षणसंस्थेने, म्हणजे एमआयटीने, ती २०२२ साली पुन्हा सक्तीची केली. इंग्लंडात प्रत्येक अभ्यासक्रमाची विषयांची अट निराळी. शिवाय ऑक्सफर्ड, केंब्रिज व बहुतेक वैद्यकीय अभ्यासक्रमांचे अर्ज १५ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे प्रवेशाच्या आदल्या वर्षी, द्यावे लागतात. जर्मनीत नुसत्या बारावीच्या बळावर बहुतेकांस थेट प्रवेश मिळत नाही. येथे पदवीचे एक वर्ष यशस्वीपणे पुरे करावे, जेईई ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण व्हावे, अथवा तेथील पूर्वतयारीच्या वर्गात सुमारे वर्ष काढावे, असे मार्ग आहेत. बारावीच्या निकालानंतर जागे होणाऱ्याची गाडी कधीच सुटलेली असते.

आणखी एक गोष्ट शिक्षकांच्या पत्राची. विद्यार्थ्यास ओळखणाऱ्या शिक्षकाने त्याच्याविषयी लिहावे, असे अनेक विद्यापीठे मागतात. अलीकडे मुलाचे नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात आणि मूल दिवसभर शिकवणीच्या वर्गात, असा प्रकार सर्रास चालतो. ज्या गुरूने शिष्याचे तोंडही पाहिले नाही, त्याने पत्रात लिहावे तरी काय?

ह्याच सुमारास एका सल्लागाराने आमच्या मुलास सांगितले की, नातवाच्या नावे एखादी समाजसेवेची संस्था काढून द्या, अर्ज उठून दिसेल. निबंधही आम्ही लिहून देऊ. हे ऐकून आम्हास कल्याणची आनंदीबाई जोशी आठवली. १८८३ साली अठरा वर्षांच्या त्या मुलीने फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयास स्वतः पत्र लिहिले. प्रवेशाच्या साऱ्या अटी आपल्याकडून पुऱ्या होत नसतील, असे तिने त्यात सरळ कबूल केले आणि आपण कोणत्या हेतूने आलो तेही सांगितले. तिला प्रवेश मिळाला व १८८६ साली ती डॉक्टर झाली. पुढच्याच वर्षी ती निवर्तली, हे आपले दुर्दैव. त्या पत्रातली उणिवेची कबुली तिची होती आणि निश्चयही तिचाच होता. विकतच्या निबंधात ह्यांतले काय असणार?

आमचा नातू दोन वर्षे हिवाळा आला की सायकलीवरून खाडीकडे जातो आणि रोहित पक्षी कोणत्या दिवशी दिसले, किती दिसले, ओहोटी होती की भरती, हे एका वहीत टिपून ठेवतो. कारखान्यांच्या बाजूने येणाऱ्या नाल्याचे पाणी कोणत्या दिवशी कोणत्या रंगाचे होते, ह्याच्याही नोंदी आहेत. अक्षर गचाळ आहे. ही वही कोणाच्या सांगण्यावरून लिहिलेली नाही, म्हणून संस्थेपेक्षा ती आम्हास मोलाची वाटते. आम्ही तसे बोललो, तेव्हा पोरगा ओशाळून आत पळाला.

रात्री ठरले ते इतकेच. गणित सुटणार नाही. संस्कृत त्यास आवडले तर राहील, आमच्याकरिता नव्हे. शाळा नियमाने भरवावयाची. खर्चाचा अंदाज दोघे भाऊ आताच कागदावर मांडतील, म्हणजे ऐनवेळी कोकणातल्या जमिनीकडे डोळे लावावयास नकोत. बारावीनंतर त्याचे मन येथेच रमले, तरी ह्यांतले काही वाया जावयाचे नाही.

सौभाग्यवती काहीच बोलल्या नाहीत. सकाळी पाहतो तो, आठवीपर्यंतच्या साऱ्या गुणपत्रिका त्यांनी कपाटातून काढून एका पाकिटात घातल्या होत्या आणि नववीसाठी वर जागा मोकळी ठेवली होती.