कण्यातील बुरशी

आषाढात लोणच्याच्या बरणीच्या तोंडाशी किंवा जुन्या पुस्तकांच्या बांधणीवर चढलेली बुरशी प्रत्येक घराने पाहिली आहे. तिचे सूक्ष्म कण हवेत सर्वत्र असतात. श्वासाबरोबर आपण ते नित्य आत घेतो आणि निरोगी शरीर त्यांचा बंदोबस्तही करते. परंतु बुरशी माणसाच्या पाठीच्या मणक्यात रुजते, असे सांगितल्यास पुष्कळांस नवल वाटेल. हा रोग विरळा खरा. पण तो ओळखण्यास होणारा विलंब फार महाग पडतो. म्हणून या महिन्यात त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

या रोगाच्या मुळाशी बहुधा कॅन्डिडा किंवा अस्परजिलस या जातींची बुरशी असते. कॅन्डिडा आपल्या तोंडात व आतड्यांत वस्तीला असतेच; दीर्घकाळ शिरेत ठेवलेल्या नळीवाटे ती रक्तात शिरू शकते. अस्परजिलस बहुतकरून फुप्फुसावाटे येते. मणक्यांस रक्ताचा पुरवठा विपुल असल्यामुळे हे पाहुणे तेथे मुक्काम करतात. अनियंत्रित मधुमेह, स्टेरॉइडचे दीर्घ सेवन, कर्करोगावरील औषधे यांनी ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण झाली आहे, त्यांस धोका अधिक.

क्वचित प्रसंगी माणसाचा निष्काळजीपणाच बुरशीला वाट करून देतो. 2012 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात फ्रेमिंगहॅम येथील एका औषधालयात तयार झालेल्या स्टेरॉइडच्या कुप्यांत बुरशी शिरली होती. पाठदुखीवर उपाय म्हणून ते औषध अनेकांच्या कण्याजवळ टोचण्यात आले. सुमारे साडेसातशे माणसे आजारी पडली आणि साठांहून अधिक दगावली. कित्येकांस मेंदूच्या आवरणाचा दाह झाला, तर कित्येकांच्या कण्याजवळ पू साचला. गवतावर वाढणारी एक सामान्य बुरशी याला मुख्यतः कारण झाली होती.

आपल्याकडील उदाहरणही दूरचे नाही. 2021 साली पुण्यात, कोविडमधून उठलेल्या काही रुग्णांच्या मणक्यांत अस्परजिलस आढळली. पाठदुखी आणि बारीक ताप, एवढेच काय ते प्रारंभीचे लक्षण होते.

येथेच खरी मेख आहे. मणका झिजलेला दिसला की आपल्या देशात प्रथम क्षयाची शंका येते, आणि बहुधा ती खरीही ठरते. पण एमआरआयच्या चित्रात क्षय आणि बुरशी यांचे रूप पुष्कळदा सारखेच दिसते, आणि क्षयाची औषधे बुरशीवर चालत नाहीत. चित्रावरून उपचार सुरू व्हावेत, महिने लोटावेत आणि मणका आतून पोखरत राहावा, असे होऊ शकते. यास्तव शक्य तेथे सुईने मणक्यातील अंश काढून त्याची तपासणी क्षय, इतर जंतू आणि बुरशी या तिन्हींसाठी करावयास हवी. तशी तपासणी होणार आहे काय, हे डॉक्टरांस विचारण्यात अनादर मुळीच नाही. निदान झाल्यावर बुरशीनाशक औषधे कित्येक महिने घ्यावी लागतात. मज्जारज्जूवर दाब आल्यास किंवा मणका ढासळल्यास शस्त्रक्रियाही करावी लागते. बरे वाटताच औषध सोडणे धोक्याचे होय.

एकत्र कुटुंबात पाठदुखीला किंमत नसते, असा आमचा अनुभव आहे. आजोबांची पाठ म्हणजे वय, आणि घरातील बाईची पाठ म्हणजे काम, असे गृहीत धरून लेप व शेक यांवर भागविले जाते. बहुतेक वेळी ते चालूनही जाते. परंतु विश्रांती घेऊनही न थांबणारी, रात्री झोप मोडणारी वेदना, सोबत बारीक ताप किंवा घटते वजन, आणि मागे मधुमेह वा मोठे आजारपण, असा मेळ दिसल्यास आठवड्यांवर आठवडे घालवू नयेत. पाय लुळे पडू लागले किंवा लघवीवरील ताबा सुटला, तर सकाळचीही वाट न पाहता रुग्णास रुग्णालयात न्यावे.

अशी माणसे स्वतः फारसे बोलत नाहीत. रात्री कोण कुशीवर वळताना कण्हते, हे घरातल्यांनीच ऐकावयाचे असते.