टोलच्या रस्त्यावर चालणाऱ्याची जागा

टेक्सासमधल्या ऑस्टिन शहराच्या उत्तरेला सीडर पार्क नावाचे उपनगर आहे. माझी मुलगी तिथे राहते. जवळूनच ‘183-ए’ हा टोलचा महामार्ग जातो आणि त्याच्या कडेने, गाड्यांपासून पूर्ण वेगळी, सुमारे दहा फूट रुंदीची काँक्रीटची वाट जाते. सकाळी तिथे आपली मंडळी हमखास भेटतात. कोणी नाशिकचे, कोणी साताऱ्याचे, मुलांकडे चार-सहा महिन्यांसाठी आलेले. त्यांच्यापैकी बहुतेकांना तिथे गाडी चालवता येत नाही. घराबाहेर पडण्याची त्यांची सारी मोकळीक या वाटेवर अवलंबून असते.

माझी नोकरी सार्वजनिक बांधकाम खात्यात झाली. रस्ता दिसला की माझी नजर आधी साइडपट्टीकडे, मोऱ्यांकडे आणि हद्दीच्या खुणांकडे जाते. म्हणून ही वाट कोणी बांधली, याची मी चौकशी केली. ती बांधली आहे टोल वसूल करणाऱ्या संस्थेनेच. सेंट्रल टेक्सास रीजनल मोबिलिटी ऑथॉरिटी ही प्रादेशिक संस्था 2002 मध्ये ट्रॅव्हिस आणि विल्यमसन या दोन काउंटींसाठी स्थापन झाली. कर्जरोखे काढायचे, रस्ता बांधायचा, टोलमधून कर्ज फेडायचे, असा तिचा व्यवहार. 183-ए हा तिचा पहिला रस्ता, 2007 चा. पायी किंवा सायकलने जाणारा या संस्थेला एक पैसाही देत नाही. तरी ही वाट पुढे ब्रशी क्रीक या ओढ्याकाठच्या पायवाटेला नीट जोडून दिली आहे.

हा अपवाद असता तर मी लिहिले नसते. 2019 मध्ये शहराच्या नैऋत्येला ‘45 साउथवेस्ट’ हा छोटा टोल रस्ता झाला, त्यालाही सायकल आणि पायी वाहतुकीची वाट जोडलेली आहे. पूर्वेकडच्या 183 रस्त्याचे आठ मैलांचे काम तर मला अभियंता म्हणून फार आवडले. मधे टोलच्या मार्गिका, त्यांच्या बाजूने टोल न भरता जाण्याच्या मार्गिका आणि कडेने पायी-सायकलची वाट. कोलोरॅडो नदीवर 1938 चा जुना लोखंडी माँटोपोलिस पूल आहे. नवे पूल झाल्यावर तो पाडता आला असता. संस्थेने तो चालणाऱ्यांना आणि सायकलस्वारांना दिला.

गाडीवाल्याचीही तिथे आबाळ होत नाही. मोपॅक या गजबजलेल्या रस्त्यावर 2017 पासून एक टोल मार्गिका आहे. गर्दीप्रमाणे तिचा दर वरखाली होतो, त्यामुळे घाई असलेल्याला पैसे मोजून वेळ वाचवता येतो. सार्वजनिक बस मात्र त्याच मार्गिकेतून टोल न देता जाते. माझ्या मते त्या साऱ्या व्यवस्थेतला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय आहे. एका बसमध्ये चाळीस माणसे असतील, तर पहिली वाट तिलाच मिळाली पाहिजे.

टेक्सासचे गोडवे गाण्यासाठी मी हे लिहीत नाही. जुलैच्या उन्हात त्या काँक्रीटवर सावली शोधावी लागते, आणि भाजी आणायला अजूनही गाडीच काढावी लागते. गर्दीच्या वेळचा मोपॅकचा दर अनेकांना परवडत नाही. तो रस्ता दक्षिणेकडे रुंद करण्याच्या बेताला बार्टन स्प्रिंग्ज या झऱ्यांच्या काळजीपोटी जोरदार विरोध आहे. पण मोटारीवर इतके अवलंबून असलेल्या प्रदेशातही टोलची संस्था चालणाऱ्याला रस्त्याच्या हिशेबात धरते. मग दिंड्यांच्या महाराष्ट्रात आपण ते का करू नये?

आपल्याकडे हे काम महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाचे. 1996 मध्ये स्थापन झालेल्या या महामंडळाने 2002 मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण केला, 2009 मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू खुला केला आणि जून 2025 मध्ये 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पुरा केला. या कामांचा मला अभिमान आहे. घाटात आणि समुद्रात असे काम उभे करणे किती अवघड असते, हे मला कळते. या तिन्ही रस्त्यांवर पादचारी, सायकली आणि दुचाकींना बंदी आहे. वेगाच्या मार्गिकांवर ती हवीच. प्रश्न त्या मार्गिकांच्या पलीकडच्या जागेचा आहे. समृद्धीची हद्द सपाट भागात 120 मीटर रुंद आहे. तीत गावांसाठी भुयारी मार्ग आहेत, वन्यप्राण्यांसाठी पूल आहेत. सलग पायवाट किंवा सायकलवाट नाही.

नागपूरहून मुंबईला पायी कोण जाणार, असे विचारले जाईल. कोणीच नाही. सीडर पार्कलाही त्या वाटेवर टोकापासून टोकापर्यंत जाणारे थोडेच. माणसे एका गावातून शेजारच्या गावात जातात, शाळेत, शेतावर, आठवडी बाजाराला. देशात 2022 मध्ये 32,825 पादचारी रस्त्यांवर मेले, ते अशाच रोजच्या जाण्यायेण्यात.

ही उणीव कुठे जन्मते, ते सांगतो. टोल रस्त्याची सुरुवात रहदारी गणनेने होते. प्रत्येक वाहनाचे कारच्या मापात रूपांतर होते, त्यावरून मार्गिका ठरतात आणि टोलच्या उत्पन्नाचा अंदाज निघतो. पायी माणूस या मापात बसतच नाही. मग तो नकाशात येत नाही, अंदाजपत्रकात येत नाही आणि निविदेतही येत नाही. रस्ता झाल्यावर वाट जोडायची म्हटले तर पुन्हा भूसंपादन, विजेचे खांब हलवणे, मोऱ्या वाढवणे. मूळ कामात जी वाट स्वस्तात झाली असती, ती नंतर कधीच होत नाही.

मूळ नकाशात घेतले की होते, याचा पुरावा घरचाच आहे. आळंदी आणि देहूहून पंढरपूरला जाणाऱ्या दोन पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी 8 नोव्हेंबर 2021 रोजी झाली, तेव्हाच वारकऱ्यांसाठी वेगळी पायवाट आराखड्यात होती. शिवाय सुरक्षित पदपथ हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये सांगितले आहे. इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सुविधांची मार्गदर्शक तत्त्वे तर 1988 पासून हाताशी आहेत.

आता महामंडळापुढे पुण्याचा वर्तुळाकार रस्ता आहे, विरार-अलिबाग मार्ग आहे आणि आमच्या सांगली जिल्ह्यातून जाणारा नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग आहे. शक्तिपीठ व्हावा की नाही, यावर शेतकऱ्यांचा लढा चालू आहे आणि सुपीक जमिनीबद्दलचे त्यांचे म्हणणे सरकारने मनापासून ऐकले पाहिजे. पण तीर्थक्षेत्रांच्या नावाने रस्ता आखायचा आणि पायी यात्रेकरूला त्यात जागा नाही, हे मला पटत नाही.

आपल्या गावाजवळून टोलचा रस्ता जाणार असेल, तर मोजणीच्या आणि सुनावणीच्या वेळी आराखडा मागून घ्या. पायी आणि सायकलची वाट, ओलांडायच्या जागा आणि एसटीचे थांबे त्यात कुठे आहेत, ते विचारा. नसतील तर लेखी हरकत द्या आणि तिची पोच घ्या. निविदा निघाल्यावर ही मागणी करून फारसे काही होत नाही.