पर्यायी इंधन आणि श्रावकाची मर्यादा



पेट्रोल मिळेनासे झाले तर इंजिने कशावर चालवावीत, हा प्रश्न आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने प्रत्यक्ष अनुभवला आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, हिंदुस्थानात पेट्रोलवर नियंत्रण आले. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला आणि तेथून येणारे तेलही थांबले. तेव्हा अनेक प्रवासी मोटारी लोणारी कोळशाच्या गॅसवर धावू लागल्या.

गाडीला एक उभी भट्टी जोडलेली असे. तीत कोळसा अपुऱ्या हवेत जाळला, की कार्बन मोनॉक्साइड हा ज्वलनशील वायू तयार होतो. तो थंड करून, गाळून, हवेत मिसळून इंजिनात सोडीत. एका लिटर पेट्रोलच्या कामास साधारण दीड किलो कोळसा लागे. मात्र इंजिनाची शक्ती सुमारे एकतृतीयांशाने घटे. बोरघाटासारख्या चढणीवर अशा गाडीची कसोटीच लागावी. शिवाय हा वायू वासरहित आणि बंद जागेत प्राणघातक.

अडचण निभावली, पण कोळसा येई कोठून? सह्याद्रीच्या रानांत झाडे तोडून भट्ट्या लागत आणि त्यांवर कातकरी कुटुंबे राबत. श्रावकाने वर्ज्य मानावयाच्या पंधरा कर्मादानांत पहिले इंगालकर्म, म्हणजे कोळशाचा धंदा, आणि दुसरे वनकर्म, म्हणजे वनतोडीचा धंदा. कोळसा विकत घेणारा स्वतः भट्टी लावीत नाही हे खरे. परंतु करणे, करविणे आणि अनुमोदणे या तिन्हींचा विचार आपल्या धर्माने सांगितला आहे.

मावळाने इंधनाचा आणखी एक पर्याय पाहिला आहे. मुंबईच्या गिरण्यांना दुरून येणाऱ्या दगडी कोळशावर विसंबावे लागू नये, म्हणून टाटांनी लोणावळा, वळवण व शिरवता येथे पावसाचे पाणी साठविले. ते घाटाखाली खोपोलीस उतरवून १९१५ पासून वीज निर्माण होऊ लागली. त्यात ना धूर, ना राख. तथापि अशाच योजनेसाठी शेजारच्या मुळशी खोऱ्यात धरण येऊ लागले, तेव्हा आपल्या जमिनी बुडणार म्हणून शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला. सेनापती बापट त्या लढ्याचे नेते होते. धुराविना मिळणाऱ्या विजेलाही किंमत होती. ती दुसऱ्यांनी चुकविली.

आज आपल्या दुकानांपुढे पावसाळ्यात वीज गेली की डिझेलचे जनरेटर धडधडू लागतात. त्यास एक तुलनेने निर्दोष पर्याय गोबरगॅसचा आहे. साधारण २५ किलो शेणापासून एक घनमीटर गॅस मिळतो आणि तो सुमारे अर्धा लिटर डिझेलचे काम करतो. शंभर जनावरांच्या पांजरापोळात दररोज हजार किलो शेण जमले, तर ४० घनमीटर गॅस, म्हणजे वीस लिटर डिझेलची बचत. डिझेल इंजिनात प्रज्वलनापुरते थोडे डिझेल लागतेच. तसेच गॅसमधील गंधकयुक्त वायू आधी काढून टाकला नाही, तर इंजिन गंजते. उरलेला राडा उत्तम खत होतो. यातही सूक्ष्म जीवांची विराधना आहे, हे नाकारता येणार नाही; पण झाड तोडावे लागत नाही आणि कोणाचे घर बुडत नाही. पांजरापोळास दान देणाऱ्या कुटुंबांनी चाऱ्याबरोबर अशा संयंत्राचाही विचार अवश्य करावा.

तरीही पूर्ण निर्दोष इंधन कोणतेच नाही. म्हणूनच पर्याय शोधण्यापूर्वी परिमाण ठरविण्याची आपली परंपरा आहे. उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावक मोठा धनिक. भगवान महावीरांकडून व्रते घेताना त्याने आपल्या गाड्यांचीही मर्यादा बांधली : पाचशे दूरच्या प्रवासासाठी, पाचशे मालवाहतुकीसाठी. संख्या मोठी वाटेल. परंतु त्यापुढे एकही नाही, हे त्याने स्वतः ठरविले. त्यासाठी टंचाईची किंवा सरकारी नियंत्रणाची वाट पाहिली नाही.

येत्या चातुर्मासात प्रत्येक कुटुंबाने महिन्याच्या इंधनाचा आकडा एकदा वहीत मांडावा. त्यातील निष्कारण फेऱ्या कोणत्या, एकाच टेम्पोत दोन दुकानांचा माल आणता येईल काय, हे घरातील सर्वांनी मिळून पाहावे आणि झेपेल तेवढी मर्यादा बांधून घ्यावी. पेट्रोल मुबलक असतानाच हा नियम घेतला, तर ते व्रत ठरेल. पंप बंद पडल्यावर घेतला, तर ती केवळ निरुपायाची काटकसर होय.